उजवीकडची जागा

नोव्हेंबर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, भर दुपारी, बाहा कालिफोर्निया द्वीपकल्पाच्या उत्तरेकडील एन्सेनादा बंदरात, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि कोरड्या ओढ्याची वाळू सुरू होते त्या उतारावर, नाबोर मुरिल्यो हा बोटींची इंजिने दुरुस्त करणारा, साठी ओलांडलेला गृहस्थ आपल्या निळ्या बीटल मोटारीत पट्ट्यांनी जखडून घेऊन बसला होता आणि पाळी येण्याची वाट पाहत होता. पाळी शेवटची होती. एन्सेनादा ते लोरेतो या शर्यतीचा क्रमच तसा आहे. पहाटे मोटारसायकली सुटतात. उजाडल्यावर छातीइतक्या उंच चाकांचे राक्षसी ट्रक. त्यामागून नुसत्या नळ्यांच्या सांगाड्यांच्या हलक्या गाड्या. आणि या सर्वांनी वाट उखडून, खणून, तिचे पीठ करून ठेवल्यावर सर्वांत शेवटी सुटतात त्या जुन्या बीटल, ज्यांना त्या मुलखात लहानथोर सगळे लाडाने 'वोचो' म्हणतात. ज्या गाड्यांना चांगल्या रस्त्याची गरज सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला सर्वांत वाईट रस्ता येतो. नाबोरला यात अन्याय दिसत नसे. त्याच्या शेजारी, उजवीकडच्या जागेवर बसलेल्या लिब्रादो आर्सेला तो दिसे, आणि दरवर्षी याच उतारावर, याच वेळी, दोघांचा त्यावर वाद होई.

"लहानांना आधी सोडावं," शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्रातून लिब्रादोचा आवाज नाबोरच्या कानात घुमला. "घरात जेवायला आधी लहानांनाच वाढतात की नाही?"

"आणि मागून ट्रक आला म्हणजे? जेवणासकट तुडवून जाईल तुला."

"भोंगा वाजवेल, आपण बाजूला होऊ."

"तू आजवर कुणासाठी बाजूला झालायस, कंपाद्रे?"

नाबोरच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला लिब्रादो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, आणि लिब्रादोच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला नाबोर; तेव्हापासून ते एकमेकांना नावाने हाक मारीत नसत, 'कंपाद्रे' म्हणत, आणि एकमेकांच्या बायकांना 'कोमाद्रे'. लिब्रादोने उभा जन्म पाण्याचा टँकर हाकण्यात घालवला होता. द्वीपकल्पातली एकही वाडी अशी नव्हती, जिच्या हौदात त्याने पाणी ओतले नव्हते आणि जिच्या चुलीशी बसून तो जेवला नव्हता. नाबोरला वाटाड्या म्हणून याहून लायक माणूस कोण मिळणार होता? निदान आरंभी सर्वांना तसेच वाटले होते. पण 'तेर्का', म्हणजे हट्टी, असे नाव दारावर रंगवलेली ही गाडी आजवर एकदाही शर्यतीच्या शेवटाला पोहोचली नव्हती. एका वर्षी लिब्रादोने सांगितलेली वाट पुराने वाहून गेलेली निघाली. एका वर्षी तो ज्या वाडीवरून नेत होता, तिथे लग्न चालले होते, आणि वऱ्हाडाने त्याला ओळखले.

म्हणून ऑगस्टमध्ये एके दिवशी भांडी घासता घासता नाबोरच्या बायकोने, उबाल्दाने, एक अट घातली होती. "म्हाताऱ्या, या वर्षी पहिल्या थांब्यावर उशिरा आलात, तर कंपाद्रे उतरतील आणि माझ्या बहिणीचा एदेर बसेल. त्याला ते यंत्र वाचता येतं. आणि तो बसून गाडी वेळेत पोहोचली, तर पुढेही तोच बसेल. दरवर्षी अर्ध्या वाटेवरून तुम्हाला दोरीनं ओढून आणायला मी काही गाढवीण नाही."

नाबोरने 'बरं' म्हटले होते. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, लिब्रादोला त्याने ते सांगितले नव्हते. सांगायला निघाला होता तो अनेकदा. पण दोन वर्षांमागे लिब्रादोची बायको गेली होती. त्यानंतर टँकर त्याने विकला, घर मुलाला दिले, आणि आता वर्षभर तो एकाच गोष्टीविषयी बोलत असे: शर्यतीपूर्वी सराव-फेरीला कधी निघायचे, कुणाकडे उतरायचे, कुठल्या वाडीवर या साली चीज चांगले झाले आहे. वोचोतली ती उजवीकडची जागा, फाटक्या कातड्याची, वीतभर रुंदीची, हीच काय ती त्याच्याजवळ उरलेली जागा होती. ती काढून घेतली जाणार आहे हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावे, ते नाबोरला सुचले नाही. आणि जे सुचत नाही ते पुढे ढकलावे, या सनातन मार्गाने तो गेला.

झेंडा पडला. तेर्काने एक खोकला काढला आणि ती ओढ्यात उतरली. दोन्ही काठांवर माणसांची दाटी होती. कुणी निखाऱ्यांवर मांस भाजत होते, कुणी छपरांवर चढले होते, आणि ट्रकांना दिल्या नव्हत्या एवढ्या मोठ्याने आरोळ्या त्यांनी या ठेंगण्या निळ्या गाडीला दिल्या. ट्रक जिंकतात, वोचो मात्र प्रत्येकाच्या घरी होती. कुणाचा बाप तिच्यातून कामाला गेला होता, कुणाचा जन्म तिच्या मागच्या सीटवर झाला होता.

या शर्यतीत आखलेला रस्ता नसतो, कठडे नसतात. वाट म्हणजे गुरांच्या पायवाटा, ओढ्यांची पात्रे, सुकलेली तळी. प्रत्येक गाडीत एक पेटी बसवलेली असते; आकाशातल्या उपग्रहांना विचारून ती गाडी कुठे आहे हे क्षणोक्षणी टिपत राहते. वाटेवर ठरावीक ठिकाणी अदृश्य उंबरठे असतात. तिथे ना माणूस ना दोरी. पण ते क्रमाने ओलांडल्याशिवाय शर्यत पुरी होत नाही, आणि चुकलेल्या उंबरठ्यासाठी वाटेवरून उलटे फिरणे सक्त मना, कारण समोरून धुळीत आंधळा झालेला कुणीही अंगावर येऊ शकतो. हे उंबरठे दाखवणारा पडदा लिब्रादोच्या गुडघ्यांसमोरच होता. त्यावर त्याने स्वतःचा हातरुमाल पसरून ठेवला होता.

"डोळ्यांत जातं त्याचं तेज," असे त्याचे म्हणणे.

त्याच्या लेखी वाट अंतराने मोजायची नसतेच. ती माणसांनी मोजायची. त्रिनीच्या चुलीचा धूर दिसला की खाली दगड. लंगड्या मेलितोनचे फाटक आले की उजवीकडे कडा. आणि डोंगर उतरून गेल्यावर नेमेसिओची पांढरी घोडी जिथे बांधलेली असेल तिथे डावीकडे वळायचे, की पुढे पहिला महत्त्वाचा उंबरठा. तीन आठवड्यांपूर्वी सराव-फेरीत घोडी तिथेच होती. लिब्रादो टँकर हाकी तेव्हाही तिथेच होती. निदान तिची आई होती.

"धूळ," नाबोर म्हणाला. समोर ट्रकांनी दळून ठेवलेल्या मातीचा पडदा उभा होता. "काही दिसत नाही."

"तू फक्त सरळ ठेव. घोडी मी बघतो."

"घोडी निघून गेली असेल."

"वीस वर्षांत गेली नाही ती आज जाईल होय? तिला काय शर्यत लावायचीय?"

धूळ फाटली, उन्हात काहीतरी पांढरे चमकले, आणि लिब्रादो गरजला, "ती बघ! डावीकडे! डावीकडे म्हणतोय ना!"

नाबोरने चाक फिरवले. वाट चढली, अरुंद झाली, काटेरी निवडुंगांनी दोन्ही बाजूंनी गाडीला नखे मारली, आणि मग एकाएकी वाट संपली आणि अंगण सुरू झाले. कोंबड्या उडाल्या. मांडवाखालच्या मेजावर जेवायला बसलेल्या दहाबारा माणसांनी माना वळवल्या. मधोमध बसलेला नेमेसिओ तोंडातला घास तसाच ठेवून उठला आणि दोन्ही हात पसरून पुढे आला.

"लिब्रादो! मी म्हटलंच होतं यांना, हा आल्याशिवाय राहायचा नाही!"

"नेमेसिओ," लिब्रादो शिरस्त्राण न काढताच म्हणाला, "तू इथं काय करतोयस?"

"हे माझ्या भावाचं घर. ट्रकांच्या आवाजानं घोडी बुजते, म्हणून सकाळीच तिला इकडे आणून बांधली. बसा ना! मेंढी कापलीय."

नाबोरने हात लांब करून पडद्यावरचा रुमाल उचलला. उंबरठा मागे राहिला होता, आणि बराच मागे.

उलटे फिरता येत नव्हते. नेमेसिओनेच मग डोंगरामागून जाणारी शेळ्यांची वाट दाखवली, जी फिरून उंबरठ्याच्या अलीकडे मूळ वाटेला मिळत होती. ती दाखवण्याआधी त्याच्या वहिनीने दोघांच्या मांडीवर सुक्या मांसाचे बुरीतो फडक्यात गुंडाळून ठेवले, कारण दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने वाटेला लावायचे ही गोष्ट त्या अंगणात कुणाच्या कल्पनेतही बसत नव्हती. शेळ्यांच्या वाटेवर वोचो शेळीच्या वेगाने चालली.

"घोडी हलवायची म्हणजे काय!" लिब्रादो सारखा म्हणत होता. "माणसानं सांगून तरी हलवावी."

नाबोरला ऑगस्टातली भांडी आठवत होती.

पहिला थांबा महामार्गाच्या कडेला, एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात होता. शर्यतीतल्या प्रत्येक गाडीमागून तिची स्वतःची पलटण डांबरी रस्त्याने जात असते आणि ठरल्या जागी पेट्रोल, चाके, जेवण घेऊन उभी राहते. तेर्काची पलटण म्हणजे एक पिकअप, उबाल्दा आणि एदेर. सूर्य समुद्राकडे झुकला होता आणि उबाल्दा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांत अडकलेली कोंबडीची पिसे पाहिली, आणि ती उजव्या खिडकीशी आली.

"कंपाद्रे," ती म्हणाली, आवाज न चढवता, "उतरा."

"पाणी हवंय, कोमाद्रे, उतरायला नकोय."

"पाणी खाली देते. पुढे एदेर बसणार आहे. ठरलंय तसं."

लिब्रादोने नाबोरकडे पाहिले. नाबोर आपल्या हनुवटीखालचा पट्टा चाचपत होता, जो घट्टच होता. एवढे पुरेसे होते. लिब्रादोने एकामागून एक पट्टे सोडले, खिडकीची जाळी उघडली, आणि म्हाताऱ्या माणसाला अशा गाडीतून बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन तो बाहेर पडला. शिरस्त्राण त्याने एदेरच्या हातात दिले.

"सीटखाली माझा बुरीतो आहे," तो उबाल्दाला म्हणाला. "तो याला खाऊ देऊ नका." आणि पिकअपमध्ये जाऊन पुढे तोंड करून बसला.

एदेर हा गुणी माणूस होता. घराघरांवर दूरचित्रवाणीच्या तबकड्या बसवणे हा त्याचा धंदा, आणि आकाशातून आलेली गोष्ट जमिनीवर नीट उतरवायची त्याला सवय होती. त्याच्यात दोष काढावा म्हणून नाबोरने पहिला तासभर प्रामाणिक प्रयत्न केला आणि त्याला तो सापडला नाही. "डावं. तीनशेवर खाली. उजवीकडे दगड. मोकळं." एवढेच शब्द, योग्य जागी, योग्य आवाजात. रात्रभर कातावीन्याच्या खडकांमधून, दिव्यांच्या उजेडात उलट्या गाजरांसारख्या उभ्या असलेल्या सिरिओच्या झाडांमधून गाडी एकदाही न चुकता गेली. गेलेला वेळ भरून निघाला. इतकेच नव्हे, तर पुढे गेलेल्या दोन वोचो त्यांनी वाळूत रुतलेल्या पाहिल्या आणि रिवाजाप्रमाणे थांबून, दोर लावून, दोन्ही ओढून काढल्या, तरीही वेळ हातात उरला. गाडी अशी याआधी कधीच चालली नव्हती. नाबोरने स्वतःला बजावले की आपण सुखी आहोत.

सकाळ झाली. विस्काइनोच्या सपाट माळावर वाट दोरीसारखी सरळ पसरली होती. ऊन काचेतून गुडघ्यांवर आले. इंजिन एकाच सुरात गुणगुणू लागले. "मोकळं," एदेर म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "मोकळं." नाबोरला त्याच्या घरातला रविवार आठवला, मेजावरचे सूप आठवले, आणि मग त्याला काहीच आठवेनासे झाले.

"काका! काका!!"

तेर्का वाट सोडून काटेरी झुडपांत शिरली होती आणि एदेरने बाजूने चाक धरून तिला एका पुरुषभर उंचीच्या निवडुंगापासून हातभर अंतरावर थांबवले होते. इंजिन बंद पडले. शांततेत एक कावळा काहीतरी म्हणाला.

"डोळा लागला वाटतं," नाबोर म्हणाला.

"हो, काका."

"गाडी चालवताना लागत नाही कधी."

"हो, काका."

ते पुन्हा वाटेला लागले. थोड्या वेळाने एदेरने घसा साफ केला. "मी काही बोलत राहू का?"

"बोल की."

एदेरने विचार केला. "हवा छान आहे आज."

"आहे."

संभाषण इथे संपले. माळ संपला नाही. नाबोरची मान पुन्हा एकदा खाली गेली आणि पुन्हा झटक्याने वर आली.

"असं कर," तो म्हणाला, "माझ्याशी भांड."

"कशावरून?"

"कशावरूनही! मी म्हणतो, या माळावर तिसऱ्या गिअरवर चालवणंच बरोबर."

"बरोबरच आहे, काका."

"अरे, बरोबर नाही ते! चौथा टाकायला हवा!"

"मग चौथा टाका, काका," एदेर अत्यंत आदराने म्हणाला. "तुमचंच बरोबर असेल, तर मी भांडू कसा?"

माळाच्या कडेने महामार्ग जातो आणि तिथे पिकअपच्या रेडिओचा आवाज पोहोचतो. एदेरने बटण दाबले. "मावशी, काकांना झोप येतेय. दोनदा आली. आता काय करू?"

पिकअप चालवणाऱ्या उबाल्दाला हे ऐकून आश्चर्य वाटले नाही. आपला नवरा प्रवचनात झोपतो, पाहुण्यांत झोपतो, आणि जिथे त्याच्या म्हणण्याला कुणी हरकत घेत नाही तिथे तो झोपतोच, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. फक्त या झोपेची आणि लिब्रादोच्या वादांची सांगड तिने आजवर घातली नव्हती. शेजारी लिब्रादो बसला होता. संध्याकाळपासून त्याने चकार शब्द काढला नव्हता; कॉफीसुद्धा मान हलवून नाकारली होती. तिने रेडिओ त्याच्यापुढे धरला. त्याने बाहेर पाहिले. तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"ऐकलंत ना? निवडुंगात घालेल तो गाडी."

लिब्रादोने रेडिओ उचलला, त्याकडे काही वेळ रागाने पाहिले, आणि बटण दाबले.

"अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवतोयस ना?"

माळावर नाबोर ताठ झाला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. इथून ऐकू येतंय मला. तार झिजलीय त्याची. तुटेल."

"तुला महामार्गावरून क्लचची तार ऐकू येते?"

"पंधरा वर्षं ऐकतोय. बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला क्लच काय कळणार? बोटीला क्लच असतो का?"

"बोटीला गिअर असतो, आणि पाण्याच्या टँकरला अक्कल लागत नाही, नुसता उतार लागतो!"

"तुला माहीत होतं," लिब्रादो एकदम म्हणाला.

एदेरने खिडकीबाहेर पाहिले. नाबोरचे डोळे टक्क उघडे होते. "होतं."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"म्हणजे सराव-फेरीतही. म्हणजे नेमेसिओच्या घरी माझ्या ताटातली भाजी उचलून खाल्लीस, तेव्हाही माहीत होतं!"

"तू ती खात नव्हतास."

"मी ती शेवटी खाण्यासाठी ठेवली होती!"

सान इग्नासिओच्या खजुरांची हिरवी रांग दिसेपर्यंत तो वाद चालला, आणि त्यात भाजी, ऑगस्ट, क्लच, लिब्रादोच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला नाबोरने घातलेला तपकिरी कोट, आणि खरा मित्र कशाला म्हणावे हा प्रश्न, असे सर्व विषय यथास्थित हाताळले गेले. गाडी रेषेत चालली. एदेर मधूनमधून हळूच "डावं" म्हणत होता आणि दोघांच्याही मधे पडल्याबद्दल क्षमा मागत होता.

खजुरांच्या सावलीत, तळ्याकाठच्या थांब्यावर, उबाल्दा पेट्रोल ओतत असताना एदेर आपण होऊन उतरला आणि शिरस्त्राण काढू लागला.

"तू कुठं निघालास?" उबाल्दाने विचारले.

"मावशी, वळणं मी सांगेन. पण यांच्याशी भांडणं माझ्याच्यानं होत नाही. मला यांचं सगळंच पटतं."

उबाल्दाने पेट्रोलचे झाकण घट्ट केले, हात पुसले, आणि ती लिब्रादोपुढे जाऊन उभी राहिली. "रुमाल," ती म्हणाली.

"कोमाद्रे—"

"रुमाल इकडे द्या, आणि आत बसा. पडदा उघडा राहील. आणि संध्याकाळी सहाला शर्यत मिटते, त्याच्या आत लोरेतो. माझी अट मी मागे घेतलेली नाही."

लिब्रादोने रुमाल दिला. बसताना त्याने सीटखाली हात घालून पाहिले. बुरीतो तिथेच होता, कुणीही हात न लावलेला. एदेर खरोखरच गुणी माणूस होता.

पुढची वाट डोंगरांची. एका फाट्याशी डावीकडे उंच बांध आणि उजवीकडे ओढ्याचे रुंद पात्र होते. लिब्रादोचे तोंड उघडले आणि मिटले. "हे म्हणतंय डावीकडे," तो शेवटी म्हणाला. "मी म्हणत नाही. हे म्हणतंय."

"आणि तू काय म्हणतोस?"

उजवीकडे त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एका विधवेची वाडी होती, जिच्या हौदात त्याने कितीतरी उन्हाळे पाणी ओतले होते; ती वाट त्याच्या पायांना पाठ होती. त्याने पडद्याकडे पाहिले, मग ओढ्याकडे. "आज मी काही म्हणत नाही," तो म्हणाला, आणि हे वाक्य उच्चारायला त्याला किती जड गेले ते नाबोरला शेजारी बसून कळले. नाबोर डावीकडे वळला. उंबरठा आला आणि गेला. "पण उजवीकडूनही आलो असतो," लिब्रादो लगेच म्हणाला, आणि मग ते दोघेही पुष्कळ मोकळे झाले.

शेवटचा घाट उतरताना खाली निळा समुद्र दिसला आणि त्याच वेळी नाबोरच्या डाव्या पायाखाली काहीतरी 'टण्' झाले. पाय जमिनीला टेकला. क्लचची तार तुटली होती.

"सांगितलं होतं," लिब्रादो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख मुळीच नव्हते.

क्लच नसला तरी चालत्या गाडीचे गिअर कानाने ऐकून बदलता येतात, आणि नाबोरने तसे ते बदलले. फक्त थांबता येत नाही. लोरेतोच्या वेशीवर कालव्याच्या उंचवट्याशी एक गाय आडवी आली आणि थांबावे लागले. इंजिन बंद पडले. जुन्या बॅटरीने एक सुस्कारा सोडला आणि तीही गेली. घड्याळात सहाला थोडाच वेळ उरला होता आणि रस्त्याच्या टोकाशी, चर्चच्या बुरुजाखाली, शेवटची कमान दिसत होती.

लिब्रादो पट्टे सोडून बाहेर पडला, मागे गेला आणि त्याने खांदा लावला. उंचवट्यावरून गाडी ढळली, उतरली, नाबोरने गिअर टाकला, तेर्का ठेच लागल्यासारखी हिसकली आणि धडधडत सुरू झाली. लिब्रादो धावला; साठीपुढच्या, जाड अंगरख्यातल्या, बूट घातलेल्या माणसाला जेवढे धावता येते तेवढे. अंतर वाढत गेले.

"जा!" तो ओरडत होता. "जा, गाढवा! वेळ आहे! जा!"

नाबोरने आरशात पाहिले. कमान समोर होती. उजवीकडची जागा रिकामी होती, पट्टे लोंबत होते, आणि त्यांची बक्कले दारावर आपटून आवाज करीत होती. त्याने ब्रेक दाबला. इंजिन बंद पडले.

लिब्रादो धापा टाकीत आला आणि खिडकीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "थांबलास कशाला?"

"तू नसलास की गाडी डावीकडे ओढते," नाबोर म्हणाला.

"ती नेहमीच डावीकडे ओढते! पुढची चाकं सरळ करून घे म्हणून मे महिन्यात सांगत होतो!"

"मार्चमध्ये."

"मे!"

तो आत बसला. आता ढकलायला कुणी नव्हते, पण फार वेळ नाही. रस्त्याकडेच्या घरांतून माणसे आली, मासे विकणारी बाई आली, गायीचा मालक ओशाळून आला, आणि त्यांनी तेर्काला ढकलत, हसत, भोंग्याची नक्कल करीत नेले, तोवर ती पुन्हा सुरू झाली. चर्चची घंटा सहाचे ठोके देत असताना ती अजून रस्त्यात होती. ठोके संपून हवेतला नाद विरला, तेव्हा ती कमानीखाली शिरली.

कमानीशी बसलेल्या पंचाने घड्याळाकडे पाहिले, मग गाडीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. दिवसभराच्या उन्हाने भाजलेला तो सभ्य माणूस होता. "उंबरठे सगळे झालेत," तो पेटीतली नोंद पाहून म्हणाला. "पण सहा वाजून गेले, महाशय. पोहोचलेल्यांत तुम्हाला धरता येणार नाही." असे म्हणून त्याने झेंडा मात्र हलवला, तो कुणासाठी हलवावा याचा नियम नव्हता.

दोघे गाडीत बसून राहिले. उबाल्दा गर्दीतून वाट काढीत आली. तिने वेशीपासूनचे सर्व कमानीजवळून पाहिले होते; पिकअप तिने तिथेच उभी केली होती. तिने आधी नवऱ्याचे डोळे नीट पाहिले, मग लिब्रादोचे तांबडेलाल झालेले तोंड, आणि मग मधला तो उघडा पडदा. तिच्या मागे एदेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता.

"अट पाळली गेली नाही, कोमाद्रे," लिब्रादो खाली मान घालून म्हणाला. "आम्हाला ठाऊक आहे."

"नाही पाळली," उबाल्दा म्हणाली. तिने खिशातला रुमाल काढून त्याला घाम पुसायला दिला. "उशिरा आलात, पण निवडुंगात न शिरता, रस्त्यावरून आलात. पुढच्या वर्षीही कंपाद्रेच बसतील."